सॉफ्टवेअर सिंथ विकत घेण्याआधी: पारख आपल्या लॅपटॉपवर, आपल्या ट्रॅकमध्ये

शिवजयंतीच्या लेझमीची तालीम सुरू झाली की मला एक प्रश्न हमखास येतो. "अक्का, मिरवणुकीसाठी ट्रॅक बनवायचाय, कुठला सिंथ घेऊ ओ?" सिंथ म्हणजे सिंथेसायझर, इथे कॉम्प्युटरवर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर. विचारणारी पोरं अठरा-वीस वर्षांची असतात. पैसे कुठून कुठून जमवलेले असतात आणि चुकीच्या वस्तूवर गेले तर पुन्हा जमायला वर्ष जातं. याचं उत्तर एका नावात देता येत नाही, कारण चांगला सिंथ आणि तुमच्या कामाचा सिंथ ही दोन वेगळी माणसं असू शकतात. म्हणून मी स्वतः ज्या पद्धतीने पारख करते ती इथे लिहून ठेवते आहे.

पहिला सिंथ मी व्हिडिओ बघून घेतला होता. सेल चालू होता आणि हेडफोनमध्ये आवाज कानाच्या दोन्ही बाजूंना पसरून डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटायचा. त्यातलाच एक तयार आवाज मी एका लेझीम पथकाच्या ट्रॅकमध्ये मुख्य चालीसाठी वापरला. मिरवणुकीच्या ट्रकवर डावा-उजवा असा भेद नव्हता, सगळे स्पीकर एकाच चॅनेलवर जोडलेले होते. कौंतम चौकापर्यंत मी ट्रकच्या मागून चालत होते. हलगी ऐकू येत होती, बेस छातीत बसत होता आणि चाल जवळजवळ नाहीशी झाली होती. त्या आवाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकमेकींच्या उलट्या फेजमध्ये होत्या, म्हणजे एकीची लहर वर जाताना दुसरीची खाली. एकत्र आल्यावर त्यांनी एकमेकींना खाल्लं. घेण्याआधी मोनोचं, म्हणजे डावी-उजवी बाजू एक करणारं एक बटण दाबून पाहिलं असतं तर हे दहा सेकंदांत कळलं असतं.

काय काय लागेल

- ज्यावर तुम्ही खरोखर काम करणार आहात तोच लॅपटॉप. मित्राच्या भारी मशीनवर केलेली चाचणी उपयोगाची नाही.
- तारेचे हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे पट्टी दाबल्यावर सिंथ किती पटकन वाजतो हे कळतच नाही.
- २५ पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता कॉम्प्युटरला स्वर सांगणारा), स्वर ओढायचा पिच बेंड, ऑक्टेव्हची म्हणजे सप्तक बदलायची बटणं आणि एका नॉबसह.
- सिंथ उघडायला एक डीएडब्ल्यू, म्हणजे ट्रॅक बनवायचं सॉफ्टवेअर. तुमच्याकडे नसेल तर रीपर घ्या. ६० दिवस तो पूर्ण चालतो. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्तीही चालेल, पण तिच्यात साठवलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. ऐकायचं ते लगेच ऑडिओ फाइल करून ठेवा.
- व्हॉक्सेंगोचा स्पॅन. आवाजातल्या फ्रिक्वेन्सी डोळ्यांनी दाखवणारं हे प्लगइन (डीएडब्ल्यूच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर) फुकट आहे.
- विंडोजवर असाल आणि वेगळा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) नसेल तर एएसआयओ फोर ऑल हा आवाजाचा उशीर कमी करणारा फुकट ड्रायव्हर.
- तुमचा स्वतःचा एक अर्धवट ट्रॅक.
- वही. दोन दिवसांनी कान विसरतात, वही विसरत नाही.

१. आधी तीन आवाज लिहून काढा

सिंथचं नाव शोधण्याआधी वहीत तीन आवाज लिहा. माझे असे होते: हलगीच्या खाली चालणारा छोटा, तुटक बेस, सनईसारखी ओढ असलेली चाल, आणि लेझमीच्या छुमछुमसारखा धातूचा आवाज. तुमचे वेगळे असतील. पण "सगळं करणारा सिंथ हवा" असं लिहू नका. असं लिहिणारा माणूस जो व्हिडिओ शेवटी पाहिला असेल तोच सिंथ घेतो.

२. फुकटातल्या तीन सिंथवर महिनाभर हात बसवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एकाही सिंथची चव माहीत नसताना दुसऱ्याची पारख होत नाही.

व्हायटल हा मॅट टायटेलने २०२० मध्ये काढलेला वेव्हटेबल सिंथ, म्हणजे साठवलेल्या लहरींच्या मालिकेतून आवाज घडवणारा. फुकट आवृत्तीतही इंजिन तेच असतं, फक्त तयार आवाज आणि वेव्हटेबल कमी मिळतात. कोणता नॉब कशाला हलवतो आहे हे पडद्यावर हलताना दिसतं, म्हणून शिकायला याच्यापासूनच सुरुवात करा. सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे. दिसायला जुना वाटतो, पण आत खजिना आहे. तिसरा डेक्स्ड. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ या कीबोर्डची ही सॉफ्टवेअर नक्कल: सहा ऑपरेटर (लहर बनवणारे भाग) आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ रचना. यात एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवायची पद्धत आहे. दोन ऑपरेटरच्या फ्रिक्वेन्सीचं प्रमाण १ ला १.४ असं पूर्णांकात न बसणारं ठेवा, आवाज धातूचा होतो. माझी लेझीम डेक्स्डमध्येच सापडली. त्या आवाजासाठी मला आजवर एक रुपया घालावा लागलेला नाही.

महिनाभराने वही उघडा. तीन आवाजांपैकी कोणते जमले, कोणते नाही? जे जमले नाहीत तेवढ्यासाठीच विकतचा सिंथ शोधायचा.

३. डेमो उतरवताना

कंपन्या डेमोला वेगवेगळे लगाम लावतात. कुणी ठरावीक मिनिटांनी आवाज बंद करतं, कुणी साठवू देत नाही, कुणी चौदा किंवा तीस दिवस सगळं खुलं ठेवतं. यू-ही कंपनीच्या डेमोमध्ये अधूनमधून बारीक करकर येते. ती लॅपटॉपची खराबी समजू नका, डेमोची खूण आहे. दिवस मोजणारा डेमो परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या आठवड्यात उतरवू नका. उतरवला की घड्याळ सुरू होतं.

फॉरमॅटही पाहून घ्या: विंडोजवर व्हीएसटी३, मॅकवर लॉजिक वापरत असाल तर एयू, प्रो टूल्सला एएएक्स. काही मोठे सिंथ डेमोच देत नाहीत. ऑम्निस्फिअर हे त्यातलं ठळक नाव. शिवाय त्याचा आवाजांचा साठा ६० जीबीच्या वर आहे, हार्ड डिस्कमध्ये जागा आणि इंटरनेट दोन्ही लागतं. ज्याचा डेमो नाही तो पहिला सिंथ म्हणून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि क्रॅक केलेली प्रत नको. पेन ड्राइव्हमधून हातोहात फिरणाऱ्या अशाच एका प्रतीने माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आणला आणि दोन वर्षांचे प्रोजेक्ट गेले. त्यातली एक चाल मला अजून आठवते, पण तिचा तो बेस पुन्हा जमला नाही.

४. तयार आवाज ऐका आणि मग सगळे इफेक्ट बंद करा

लेखात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, इथे घाई करू नका.

सिंथ उघडल्यावर पहिला तयार आवाज भव्यच वाटतो. तो विकण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा), डिले (प्रतिध्वनी), कोरस (एकाचे अनेक आवाज) आणि दाबून मोठा केलेला आवाज असतो. दहा तयार आवाज निवडा आणि प्रत्येकाचे सगळे इफेक्ट एकेक करून बंद करा. खाली काय उरतं ते ऐका. गालिचा उचलून फरशी बघावी तसं. उरलेला आवाज बारीक, कोरडा आणि ओळखीचा निघाला, तर तुम्ही रिव्हर्बचे पैसे देणार आहात. रिव्हर्ब तुमच्या डीएडब्ल्यूमध्ये आधीच आहे.

मग डीएडब्ल्यूच्या मास्टरवर, जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, मोनो करा आणि तेच दहा आवाज पुन्हा ऐका. थोडा आवाज अरुंद होणं साहजिक आहे. निम्मा आवाज गेला किंवा आतून पोकळ झाला, तर वहीत फुली. मिरवणुकीसाठी, मंडळासाठी, लग्नाच्या साउंडसाठी काम करणाऱ्याने ही चाचणी कधीच सोडू नये.

आता तयार आवाज बाजूला ठेवून 'इनिट' पॅच उघडा. म्हणजे कोरी पाटी: एक ऑसिलेटर (लहर बनवणारा भाग), बाकी काही नाही. वहीतल्या तीन आवाजांपैकी एक तिथून बनवायला घ्या. मॅन्युअल न उघडता वीस मिनिटांत कुठवर पोहोचलात? सिंथ कितीही नावाजलेला असो, त्याची मांडणी तुमच्या डोक्यात बसत नसेल तर तुम्ही कायम तयार आवाजांवरच राहाल.

५. कानाच्या चार चाचण्या

*वरच्या पट्टीची चाचणी.* इनिट पॅचमध्ये सॉ (करवतीच्या दातांसारखी) लहर लावा, फिल्टर, म्हणजे फ्रिक्वेन्सी कापणारा भाग, उघडा ठेवा आणि ऑक्टेव्हचं बटण दाबत पियानोच्या अगदी शेवटच्या, ४१८६ हर्ट्झच्या स्वरापर्यंत जा. प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेटवर (आवाजाची सेकंदाला तेवढी मापं) असेल तर त्याच्या निम्म्यावरच्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झवरच्या फ्रिक्वेन्सी मांडताच येत नाहीत. सिंथने काळजी घेतली नसेल तर त्या आरशात आपटल्यासारख्या खाली परत येतात. या स्वराचा दहावा हार्मोनिक, म्हणजे त्याच्या दहापट फ्रिक्वेन्सी, ४१,८६० हर्ट्झचा. तो परत येऊन २,२४० हर्ट्झवर बसतो, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली. स्पॅनमध्ये ४१८६ च्या डावीकडे काड्या उभ्या दिसल्या तर हाच दोष. याला एलियासिंग म्हणतात. आता पिच बेंड हळूहळू वर न्या. स्वर वर जाताना मागे काहीतरी खाली उतरताना ऐकू आलं, तर तो सिंथ उंच चालींसाठी घेऊ नका. ओव्हरसॅम्पलिंगची (आत जास्त सॅम्पल रेटवर गणित करायची) सोय असेल तर ती लावून पुन्हा ऐका. दोष बहुतेक जातो, पण प्रोसेसरवरचा भार वाढतो, ते सहाव्या पायरीत पकडता येईल. बेसपुरताच सिंथ हवा असेल तर या चाचणीला फार वजन देऊ नका.

*फिल्टरची चाचणी.* रेझोनन्स (कापायच्या जागेवरचा उठाव) तीन चतुर्थांश ठेवा आणि कीबोर्डवरच्या नॉबने कटऑफ (फिल्टर कुठून कापतो ती जागा) अगदी सावकाश फिरवा. साधा मिडी नॉब ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या पाठवतो. चांगला सिंथ त्या पायऱ्या गुळगुळीत करतो. वाईट सिंथमध्ये जिना उतरल्यासारखी खरखर ऐकू येते.

*ठोक्याची चाचणी.* अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (धरून ठेवलेली पातळी) शून्य, डिके (उतरायचा वेळ) ३० मिलिसेकंद. टिपरी पडल्यासारखा ठोका यायला हवा. मऊ, भिजलेला आवाज आला तर या सिंथचे एन्व्हलप, म्हणजे आवाजाचे हे चढउतार, संथ आहेत. त्यातून हलगीच्या अंगाचं काही निघणार नाही.

*सोळा ठोक्यांची चाचणी.* एकच बेसचा स्वर सोळा वेळा वाजवा, ऑडिओ करा आणि लहरींची चित्रं शेजारी शेजारी पाहा. प्रत्येक ठोक्याची सुरुवात वेगळी दिसली तर ऑसिलेटर मनाला येईल तिथून सुरू होतो आहे. लांब सुरांना त्याने जिवंतपणा येतो, पण बेसचा एक ठोका जाड आणि पुढचा पातळ लागतो. फेज दर वेळी एकाच जागेवरून सुरू करण्याची सोय सिंथमध्ये आहे का ते शोधा. असेल तर प्रश्न मिटला.

६. प्रोसेसरची चाचणी, सोलापूरच्या दुपारी

माझी खोली साखर पेठेत घराच्या माडीवर आहे. खाली माग चालतात, म्हणून कान लावून ऐकायचं काम मी रात्री करते. पण प्रोसेसरची चाचणी मुद्दाम एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता करते. पारा ४२ च्या वर असतो, पत्रा तापलेला असतो, लॅपटॉपचा पंखा ओरडत असतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. रात्री सुरळीत चालणारा प्रोजेक्ट दुपारी तडतडतो तो त्यामुळेच. थंड खोलीत बसून लिहिलेल्या परीक्षणात हे तुम्हाला सापडणार नाही.

चाचणी अशी: दोन ऑसिलेटर, दोन्हीवर युनिसन आठ (एका स्वराच्या आठ प्रती), रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) चार सेकंद, आणि आठ स्वर एकदम दाबा. दोन गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे १२८ लहरी एकाच वेळी. एवढं खऱ्या ट्रॅकमध्ये क्वचितच लागतं, पण दम कळतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज तयार करतो तो तुकडा, २५६ सॅम्पलवर ठेवा. ४४,१०० ला त्याचा उशीर सुमारे ५.८ मिलिसेकंद होतो, वाजवताना जाणवत नाही. तडतड झाली तर ५१२ करा, म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद. त्यातही तडतडला तर या लॅपटॉपवर हा सिंथ एका ट्रॅकपुरताच. मग तो ट्रॅक ऑडिओ करून फ्रीझ करत पुढे जायची तयारी हवी.

काही सिंथ जाणूनबुजून जड असतात. यू-हीचा डिव्हा हे त्याचं उदाहरण. जुन्या ॲनालॉग फिल्टरचा स्वभाव पकडण्यासाठी तो खूप गणित करतो. त्याच्यात अचूकतेच्या चार पायऱ्या आहेत. काम करताना खालची लावायची आणि शेवटी ऑडिओ करताना वरची.

एकदा चार्जर काढूनही पाहा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात, आणि वीज जाण्याची वेळ आपण ठरवत नसतो.

७. आपल्या सुरात लागतो का

इंग्रजी व्हिडिओंमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो. कीबोर्डची पट्टी समान अंतरांची असते: लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट, म्हणून सा पासून गांधार ४०० सेंट. आपल्या कानाला तानपुऱ्यातून जो शुद्ध गांधार ऐकू येतो तो सुमारे ३८६ सेंटचा, म्हणजे १४ सेंट उतरलेला. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकचा (सी) सा आणि त्याचा गांधार साध्या सॉ लहरीत एकत्र दाबून धरा: वरच्या हार्मोनिकमध्ये सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथर ऐकू येईल. नाचाच्या ट्रॅकमध्ये ती खपून जाते. अभंगाच्या किंवा रागाच्या अंगाने काही करायचं असेल तर ती टोचत राहते.

म्हणून सिंथ स्कालाची .एससीएल ट्यूनिंग फाइल (स्वरांची अंतरं लिहिलेली) घेतो का ते पाहा. सर्ज एक्सटी आणि व्हायटल, दोघेही घेतात. विकतच्या सिंथमध्ये ही सोय नसेल तर वहीत नोंद करा. नवख्यांचा घोटाळा इथे असा होतो: फाइल टाकली की सा पांढरी एकवर धरला जातो. तुमचा गायक काळी चारमध्ये गात असेल तर सगळी श्रुती चुकीच्या पट्ट्यांवर पडते आणि आधीपेक्षा बेसूर लागतं. पायाचा स्वर बदलायची जागा आधी शोधून ठेवा.

पिच बेंडची मर्यादा बहुतेक सिंथमध्ये सुरुवातीला दोन सेमीटोन असते. मींडसाठी ती सात किंवा बारा करून ओढ गुळगुळीत राहते का ते ऐका. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे इथे खरखर आली तर दोष बहुधा सिंथचाच.

८. तुमच्या ट्रॅकमध्ये बसवा

एकटा ऐकलेला सिंथ आणि गर्दीतला सिंथ यांत फरक असतो. अर्धवट ट्रॅक उघडा, हलगी-ढोल चालू ठेवा आणि नव्या सिंथचा आवाज आत आणा. जुन्या फुकट सिंथमधून तोच भाग वाजवा. दोन्हींची पातळी कानाने सारखी करा, कारण जो मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी, कोणता कुठला ते न सांगता, दोन्ही ऐकवा. माझा भाऊ संगीतातलं काही शिकलेला नाही, पण "पहिल्यात ढोल दिसतोय, दुसऱ्यात झाकला जातोय" हे त्याने सांगितलं (पहिला फुकटचा होता) आणि मी एक महागडा सिंथ घेता घेता थांबले.

शेवटी ट्रॅक पूर्ण न वाजवता, डीएडब्ल्यूकडून झटपट ऑडिओ फाइल करून घ्या आणि ऐका. क्वचित एखादा सिंथ वाजवताना एक आणि फाइलमध्ये दुसरंच देतो.

९. पैसे आणि परवाना

किंमत डॉलरमध्ये दिसते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, काही ठिकाणी तो बिलाच्या शेवटच्या पानावरच दिसतो. बँक परकीय चलनाचा आकार वेगळा घेते. १०० डॉलरची वस्तू करासकट ११८ ला पडेल असं धरूनच जुळवाजुळव करा. कार्डवरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी सुरू करावे लागतात, नाहीतर सेलच्या शेवटच्या रात्री पैसे अडकतात.

नोव्हेंबरच्या शेवटी बहुतेक कंपन्या सवलत देतात. मे महिन्यात चाचणी करून ठेवली असेल तर तेव्हा शांतपणे घेता येतं. सीरमसारखे काही सिंथ स्प्लाइस या वेबसाइटवर महिन्याच्या हप्त्यानेही मिळतात आणि हप्ते पुरे झाले की तुमचे होतात. नुसतं भाडं आणि असे हप्ते यांत गफलत करू नका. पुढच्या आवृत्तीला पुन्हा पैसे पडतात का तेही बघा. २०१४ च्या सीरमच्या मालकांना २०२५ मध्ये सीरम २ फुकट मिळाला, पण प्रत्येक कंपनी असं करत नाही.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी वाचा: किती कॉम्प्युटरवर चालतो, दर काही दिवसांनी इंटरनेट मागतो का, वेगळी डोंगल (परवाना ठेवणारी यूएसबी) किंवा आयलॉकचं (परवाने सांभाळणाऱ्या सेवेचं) खातं लागतं का, आणि नको झाल्यावर परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येतो का. खरेदी स्वतःच्या कायमच्या ईमेलवरच करा. कॉलेजचा किंवा मंडळाचा ईमेल दिला की तो बंद पडल्यावर सिंथही गेला. सीरियल नंबर त्याच वहीत लिहा, आणि इन्स्टॉलरची फाइल लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर ठेवा.